सरकीसकट परत आलेला कापूस

कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगकडे जायला लागल्या की रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागतो. वरपर्यंत दाबून भरलेली ट्रॉली फांद्यांना घासून जाते आणि काट्यांवर पांढरे पुंजके राहून जातात. अमरावतीहून अकोटची एस.टी. धरली की अंजनगाव मागे पडेपर्यंत खिडकीतून तेच दिसत राहतं. लहानपणी मला वाटायचं, बाभळीलाही कापूस येतो. शमीमला मी तसं सांगितलं होतं आणि ती मला वर्गात सगळ्यांसमोर हसली होती.

यंदा कापूस फुटायला आणि निवडणूक लागायला एकच गाठ पडली. आमच्या गल्लीतून सकाळपासून प्रचाराचा ऑटो फिरायचा. भोंग्यातला माणूस कापसाच्या भावाबद्दल चकार शब्द काढत नव्हता. कोणाला कोणापासून धोका आहे, एवढंच घसा फोडून सांगत होता. मी गॅलरीत भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते आणि मनातल्या मनात त्याचा उद्धार करत होते. तेवढ्यात गावाहून भावाचा फोन आला.

"शोभा, सोमवारी आपल्या वावरात सीतादही ठेवली. तू यायचंच. मोठा कार्यक्रम आहे."

सीतादहीचा 'कार्यक्रम' असतो हे मला नवीनच होतं. पण प्रमोद, म्हणजे माझा थोरला भाऊ, यंदा जिल्हा परिषदेला उभा आहे. उभ्या राहिलेल्या माणसाच्या घरी जेवणाचाही कार्यक्रम होतो.

"शमीमले बी बोलावलं," तो म्हणाला. "माय टाकत होती तसा पहिला कापूस तिच्या ओटीत टाकायचा. फोटोवाला येऊन राहिला अकोटहून. तू एक फोन कर तिले. तुह्यं ऐकन ती."

मी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. नाही, 'बरं' पण नाही म्हटलं. नुसता ठेवला. शेंगांचं ताट तसंच राहिलं. या माणसाला लाज कशी वाटत नाही, हे एकच डोक्यात फिरत होतं.

ज्यांना सीतादही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कापसाच्या पहिल्या वेचणीचा तो दिवस. घरची बाई दहीभात कालवून वावरात नेते, चांगल्या भरलेल्या एका झाडाच्या बुडाशी ठेवते, हळदकुंकू वाहते आणि उरलेला भात वावराच्या चारी धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, शिंपडत फिरते. मगच बाकीच्या बायका वेचायला वाकतात. सकाळचं दव अजून बोंडांवर असतं, पायाखालची काळी माती गार असते, मधल्या ओळींतली तूर फुलोऱ्याने पिवळी व्हायला लागलेली असते. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या कडेला टोचतात आणि दुपारपर्यंत बोटं चरचरायला लागतात. मला अजूनही ऑक्टोबर संपत आला की बोटांच्या टोकांना ते आठवतं.

आमच्या घरी या रीतीत एक भर होती. कमरेला बांधलेल्या फडक्याच्या ओटीत जो पहिला कापूस जमेल, तो पिंजाऱ्याच्या घरी जायचा. पिंजारी म्हणजे शमीमचे आजोबा. ते त्यातली सरकी काढायचे, धनुकलीवर कापूस पिंजायचे आणि ढगासारखा मऊ गोळा करून परत पाठवायचे. त्या कापसाच्या वाती व्हायच्या. तुळशीपुढच्या, दिवाळीच्या आणि त्रिपुरी पौर्णिमेला मारुतीच्या देवळात लागणाऱ्याही. मुसलमानाच्या हातचा कापूस मारुतीपुढे कसा, असं विचारणारा माणूस तेव्हा गावात जन्मला नसावा. जन्मला असला तरी माझ्या मायपुढे तोंड उघडायची त्याची छाती नव्हती.

पुढे अकोटला गाद्यांची मशीन आली आणि पिंजाऱ्याचा धंदा बसला. शमीमचे आजोबा गेले, मग वडील गेले. धनुकली तिच्या घरात खुंटीला टांगून राहिली. शमीमचं लग्न गावातच झालं, हनीफभाईशी. तो केळीचा माल भरायला जायचा आणि ती शिलाई मशीन चालवायची. गावातल्या झाडून साऱ्या बायकांची ब्लाऊजं तिच्याकडे. पण दरवर्षी आमचा सीतादहीचा कापूस गेला की ती मशीन बंद करायची, धनुकली उतरवायची आणि घराचं दार लावून घ्यायची, कापूस उडू नये म्हणून. बाहेर नुसता टंग टंग आवाज यायचा. माय म्हणायची, "शमीमनं दार लावलं. आता दिवाळी आली."

मी लग्न होऊन अमरावतीला आले, तरी वेचणीच्या दिवसांत माहेरी मुक्काम ठोकायचे. त्या वर्षांत वेचायला माणसं मिळत नव्हती. पोरं पुण्याला, सुरतेला पळत होती. पेपर उघडला की आत्महत्येच्या बातमीत आपल्याच भागातल्या कुठल्यातरी गावाचं नाव असायचं आणि माय म्हणायची, "मोठ्यानं नको वाचू." अळीनं खाल्लं नाही तर पावसानं नेलं, पावसानं सोडलं तर भावानं मारलं. अशा दिवसांत पुढारी आले तर माणसाला वाटतं, आता तरी कापसाचं बोलतील. हे जीपमधून उतरायचे आणि देवाधर्माचं बोलायला लागायचे. ऐकणारेही रिकामे होते, त्यांना तेच गोड लागायचं.

अशाच एका वर्षी, आता अठराएक वर्षं झाली असतील, पंचायत समितीची जागा बायकांसाठी सुटली होती. शमीमने उभं राहावं, ही कल्पना खुद्द प्रमोदची. मी तिथेच होते, आमच्या अंगणात, तुळशीपाशी. तो म्हणाला, "शमीमले करू उभी. साऱ्या गावाचं माप आहे तिच्यापाशी." सगळे हसले. शमीम हसली नाही. ती म्हणाली, "मी उभी राहीन भाऊ, पण मले रपटा पाहिजे. दुसरं काई नको."

तिचा रपटा सगळ्यांना माहीत होता. आमचं गाव आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये नाला आहे. पाऊस झाला की नाल्याला पाणी येतं आणि गावाचं गाव अलीकडे अडकतं. पोरं पँटी वर करून, खांद्यावर खांदे टाकून जातात. पोरींनी कसं जावं? गावातली शाळा संपली की पोरींची शाळा संपायची. शमीमची रुखसार अशीच घरी बसली. वर्गात पहिली येणारी पोरगी, आईच्या मशीनपाशी बसून हुक लावायला लागली. शमीमने त्याबद्दल कधी रडगाणं लावलं नाही, पण पाऊस सुरू झाला की ती दारात उभी राहून नाल्याकडे बघत राहायची. नाल्यावर सिमेंटचा ठेंगणा पूल, म्हणजे रपटा, व्हावा, वरून पाणी गेलं तरी पोरी हात धरून जाव्यात, एवढंच तिचं राजकारण होतं.

प्रमोद तिचा सूचक झाला. अर्जावर त्याची सही. तिला चिन्ह मिळालं शिलाई मशीन. मी तिला म्हटलं, "तुह्यी मशीन आता साऱ्या भिंतीवर!" त्यावर तिने पदर तोंडाला लावला आणि पोट धरून हसली. मी माझ्या भावाकडे बघत होते. आमच्या घराण्यातला पहिला समजूतदार पुरुष, असं मला खरंच वाटलं होतं. आता ते आठवलं की अंगाची आग होते.

प्रचार म्हणजे तरी काय, चालणं. सकाळी वेचणी उरकून आम्ही बायका तिच्यासोबत घरोघर जायचो. धुळीत कापसाचे तंतू उडायचे, केसांत बसायचे. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराकडे रोडग्यांच्या पंगती चालल्या होत्या, गोवऱ्यांत भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, तुपाची धार. अर्ध्या गावाचे पुरुष तिथे जेवायला आणि बायका आमच्यासोबत चालायला. शमीमकडे द्यायला चहासुद्धा नव्हता. ती दारात जाऊन म्हणायची, "काकू, तुमचं ब्लाऊज झालं. अन् मत मले द्या." बायका हसायच्या, पाणी द्यायच्या, पाटावर बसवायच्या. उमेदवार दारात आला की ओवाळायचं, ही आमच्याकडे पद्धतच आहे. शमीमलाही ओवाळत होत्या. कुंकवाच्या जागी तिला अक्षता लावायच्या, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं. कोणाला काही शिकवावं लागलं नाही.

आणि चूक झाली ती आमच्याच घरी. माझ्या मायच्या हातून.

शेवटी शेवटी आम्ही आमच्या घरी आलो. माय ताट घेऊन तुळशीपाशी उभी होती. आयुष्यभर तिने दारात आलेल्या पोरीबाळींना ओवाळलं, सुनांना, भाच्यांना, सासरी निघालेल्या मला. तिचा हात तिच्या डोक्याच्या आधी चालायचा. तिने ताट ओवाळलं, करंड्यात बोट बुडवलं आणि शमीमच्या कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू लावून मोकळी झाली. लावल्यावर तिच्या लक्षात आलं. "अवं माय! मी हे काय केलं वं!" ती म्हणाली. आम्ही सगळ्या हसायला लागलो. शमीम तर सगळ्यांत जास्त. "राहू द्या मावशी," ती म्हणाली, "तुमच्या हातचं आहे."

मधल्या घराच्या दारात प्रमोद उभा होता. नवीन मोबाइल घेतला होता, फोटो निघणारा, आणि दिवसभर तो जे दिसेल त्याचा फोटो काढत सुटायचा. गाईचा, गोठ्याचा, कापसाच्या ढिगाचा. तो म्हणाला, "शमीम, इकडं पाह्य." तिने पाहिलं.

मग मायच पुढे आली. "पुस वं पोरी, तुह्या घरी बोलतील," असं म्हणून तिने आपला पदर शमीमच्या हातात दिला. शमीमने मायच्या पदराने कपाळ पुसलं. पदराला लाल डाग पडला. तो डाग मी दुसऱ्या दिवशी विहिरीवर घासत बसले होते, निघाला नाही.

इतकंच झालं होतं. यात कोणाचं काय बिघडलं, मला सांगा.

दोनतीन दिवसांत तो फोटो फिरायला लागला. तेव्हा एका मोबाइलवरून दुसऱ्यावर माणसं शेजारी बसून पाठवायची. पानटपरीवर, एस.टी.च्या थांब्यावर, जिनिंगच्या रांगेत. मशिदीच्या बाजूला गेला तो कुंकू लावलेला. 'मतासाठी ईमान विकलं' असं त्याच्यासोबत सांगत होते. देवळाच्या बाजूला गेला तो कपाळ पुसतानाचा. 'आपल्या घरचं कुंकू दारातच पुसलं' असं त्याच्यासोबत सांगत होते. एकाच मिनिटाचे दोन फोटो, एक या बाजूला, एक त्या बाजूला. दुसऱ्या फोटोत मायचा पदर आहे, पण माय नाही. ती कापली होती.

मी पहिला फोटो पाहिला तो वेचणीच्या वावरात, एका बाईच्या पोराच्या मोबाइलवर. मागे आमची तुळस होती. कोपऱ्यात आमच्या मधल्या घराची चौकट होती. आणि शमीम सरळ समोर बघून हसत होती. जो फोटो काढत होता, त्याच्याकडे बघून.

त्या दुपारी वावरात जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. वेचणाऱ्या बायकांत आमच्याही होत्या आणि मोहल्ल्यातल्याही. इतकी वर्षं सगळ्या एकाच लिंबाखाली भाकरी सोडायच्या. हिच्या फडक्यातला ठेचा तिच्या भाकरीवर, त्यांच्यातलं लोणचं आमच्या भातावर, आणि सासवांच्या चुगल्या सगळ्यांच्या. त्या दिवशी मोहल्ल्यातल्या बायका उठून पलीकडच्या धुऱ्यावर जाऊन बसल्या. आमच्यातल्या द्वारकाकाकू म्हणाल्या, "बसू दे तिकडंच." पाण्याची घागर मध्येच राहिली. कोणत्याच बाजूने कोणी प्यायला आलं नाही. उन्हं उतरल्यावर मी ती घागर एका झाडाच्या बुडात ओतली आणि घरी आणली.

दुसऱ्या दिवसापासून शमीमच्या दारात रांग लागली, कापडं परत न्यायला. द्वारकाकाकूंचं ब्लाऊज अर्धं शिवून झालं होतं, एक बाही लागायची होती. त्या तसंच घेऊन गेल्या. "अकोटले टाकतो," म्हणाल्या. शमीमने घडी घालून दिलं. मी तिच्यापाशी बसले होते. हनीफभाई आतल्या खोलीत होता, मोहल्ल्यातली मोठी माणसं त्याला सकाळी बोलून गेली होती. शमीमने सुई टोचायच्या उशीत सुई टोचली आणि मला विचारलं,

"तुले मालूम होतं?"

"तुह्या गळ्याची शपथ, शमीम."

"तुह्या घरात काढला तो फोटो."

"मले मालूम आहे."

"मंग मी काय समजू?"

शपथा घेऊन काय होतं? माझं घर, माझी तुळस, माझा भाऊ. तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडून रडले असते आणि आम्ही दोघी पुन्हा जेवायला बसलो असतो. ती माझ्याकडे तशी पाहत होती जशी अनोळखी बाई कापड घेऊन दारात आल्यावर पाहायची, ही कुठली असेल, हिच्या घरी कोण असेल. चौथीपर्यंत एका पाटीवर लिहिलेल्या आम्ही.

घरी आले तेव्हा प्रमोद ओट्यावर बसून दाढी करत होता. गालांना फेस. मी आरसा उचलून बाजूला ठेवला आणि म्हटलं, "काहून केलं?"

त्याने नाकारलंसुद्धा नाही, हेच मला जास्त लागलं. तो म्हणाला, "तालुक्याहून साहेब आले होते. मले बाजार समितीवर घेऊन राहिले. अपक्षाच्या मागं फिरून काय भेटते शोभा?"

"तिचा सूचक तू आहेस!"

"राजकारणात असं चालते. तिचं काय गेलं? ब्लाऊज शिवत होती, शिवत राहीन."

"अन् मायचा हात? तो बी विकला तू?"

तेवढं मात्र त्याला झोंबलं. आरसा हिसकून घेतला आणि पुन्हा दाढी करायला लागला. बाबा खाटेवर पडून ऐकत होते, त्यांनी कूस बदलली. माय चुलीपाशी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने भाकर थापायची थांबवली, हात धुतले, देव्हाऱ्यातून कुंकवाचा करंडा काढला आणि कपाटात आत, साड्यांच्या मागे ठेवून दिला.

शमीम पडली. गावानेच पाडली, दोन्ही बाजूंच्या गावाने. निकालाच्या दिवशी गुलाल उधळत मिरवणूक नाल्यापाशी आली तर नाल्याला गुडघाभर पाणी होतं, अवेळी पाऊस झाला होता. ढोलताशेवाले पलीकडेच थांबले. जिंकलेली बाई ट्रॅक्टरवर बसून अलीकडे आली, हात जोडत. प्रमोद ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसला होता. मी ते पाहिलं आणि आत जाऊन दार लावलं.

दिवाळी तशीच गेली, त्रिपुरी पौर्णिमा जवळ आली होती. सीतादहीचा कापूस प्रचाराआधीच शमीमकडे गेला होता, पण तिच्या घरातून धनुकलीचा आवाज आला नव्हता. माय रोज दाराशी जाऊन कान देऊन यायची, मला न सांगता. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी रुखसार आली. हातात आमचंच फडकं, गाठ आमचीच. मायने हौसेने गाठ सोडली. आत सीतादहीचा कापूस होता, सरकीसकट. जसा गेला होता तसाच. वाळलेल्या पाल्याचे तुकडेही त्यात तसेच होते.

"अम्मी म्हनते, आता आमच्यानं नाई होत," रुखसार म्हणाली आणि गेली.

माय तो कापूस मांडीवर घेऊन बसली. एकेक सरकी बोटांनी काढत होती. संध्याकाळ झाली तरी काढत होती. हाताने सरकी काढलेल्या कापसाच्या वाती नीट वळत नाहीत, गाठी राहतात. देवळात त्या वर्षीच्या वाती तडतडल्या आणि लवकर विझल्या. मला बरं वाटलं. खोटं काहून बोलू?

त्यानंतर मायने कोणाला आपल्या हाताने कुंकू लावलं नाही. संक्रांतीला बायका आल्या की ती करंडा त्यांच्यापुढे सरकवायची. "घ्या बाई, आपल्या हातानं लावा." नव्या सुना गोंधळायच्या. त्यांना वाटायचं, म्हातारीच्या हाताला काही झालं असेल. मीही माहेरी गेले तर तेच. मला, तिच्या पोटच्या पोरीलासुद्धा, "लाव आपल्या हातानं." प्रमोदला ती कधी वाकडा शब्द बोलली नाही. त्याला वाढत होती, त्याची पोरं सांभाळत होती. पण हा करंडा त्याला रोज दिसत होता. दिसत असावा. मला तसं समजायला आवडतं.

माय सवाष्ण गेली. अंगणात ठेवली होती. आमच्याकडे सवाष्णीला बायका शेवटचं कुंकू लावतात, तशा एकेक येत होत्या, मळवट भरत होत्या. शमीम आली. भिंतीला टेकून उभी राहिली, लांबच. किती वर्षांनी तिने आमच्या अंगणात पाय ठेवला होता. मी तिला हाताने बोलावलं. मायला सगळ्यात जास्त तिचंच बोट आवडलं असतं हे मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. तिने मान हलवली. मी जवळ गेले तर हळूच म्हणाली, "नको शोभे. कोनी फोटो काढीन." आणि तोंडाला पदर लावून तिथेच उभी राहिली, मयत उचलेपर्यंत.

राजकारण्यांचं मला नवल नाही. ते माणसं फोडायलाच निघालेले असतात, बाभळीने काटे टोचावेत तसं. मला राग आहे तो आमच्यावर. त्या जीपवाल्याला आमच्या तुळशीपर्यंत यायचा रस्ता माहीत नव्हता. आमचा माणूस बोट धरून घेऊन आला. आणि द्वारकाकाकू? शमीमने त्यांच्या पोरीच्या लग्नात जागून जागून कपडे शिवले होते. मोहल्ल्यातल्या बायका? रुखसारच्या जन्माच्या वेळी शमीम अडली तेव्हा माय रात्रीची धावत गेली होती, हे त्यांच्या डोळ्यांसमोरचं. सगळं माहीत असून एका इवल्याशा फोटोवर विश्वास ठेवला. माहीत नसतं तर मी माफ केलं असतं.

रपटा झाला नाही. जिंकलेल्या बाईने एकदा नारळ फोडला. नंतर कोणीतरी दुसऱ्याने पुन्हा त्याच जागी फोडला. आता प्रमोदच्या बॅनरवर रपटा आहे, चित्रातला, त्यावरून सायकलवर पोरी चालल्या आहेत.

तर त्या फोननंतर मी दोन दिवस तळमळत काढले आणि मग शमीमला फोन लावला. तिला सावध करायला. नंबर रुखसारकडून मिळवला. पलीकडे मशीनचा आवाज येत होता.

"शमीम, मी शोभा."

मशीन थांबली. "बोल."

मी भडाभडा बोलत सुटले. सोमवारी जाऊ नको, तो तुझा फोटो काढणार, आपल्या मायचं नाव घेऊन दोन्हीकडची मतं गोळा करणार, मेला तसलाच आहे तो, अजून तसलाच. ती ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली,

"मले मालूम आहे. तो सोता आला होता घरी. मी हो म्हटलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काहून वं?"

"रुखसारची पोरगी माह्यापाशी राहते आता. परवा नाल्याले पानी होतं. दप्तर घेऊन काठावर बसून होती, शाळा सुटायच्या टाइमापर्यंत. घरी यायले बी तयार नाई. मी त्याले म्हटलं, भाऊ, आधी खडीचे ट्रक आन, मंग फोटो. आनले त्यानं. पडली आहे खडी नाल्यापाशी."

"अन् पुढचं नाही केलं तर?"

"तर खडी त आहे. पोरी खडीवर पाय ठेवून जातीन."

मी न राहवून विचारलं, "कुंकू लावतील तुले. फोटोसाठी लावतीलच."

"लावू दे. क्यामेऱ्याकडं पाहून हसीन बी. आता येते मले."

हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं, जसं काजं करता येतात असं सांगावं. मी म्हटलं, "मी येते सोमवारी. तू एकटी नको राहू त्यांच्यात. मी तुह्यापाशी उभी राहते."

"नको."

"काहून पण?"

ती म्हणाली, "तू नको येऊ शोभे. बाकी सारे असले त मले काई वाटत नाई. तू असली का मले तो कापूस खरा वाटन."

मशीन पुन्हा सुरू झाली आणि तिने फोन ठेवला.

सोमवारी मी गेले नाही. दुपारी बाजारातून तयार वातींचं पाकीट आणलं, त्रिपुरीसाठी. प्रमोदने सीतादहीचा फोटो पाठवला आहे, मोबाइलवर येऊन पडला आहे. मी अजून उघडलेला नाही.